प्लेटोसाठी कोण रडलं?

गेल्या पावसाळ्यात माझी भाची आठ दिवस राहायला आली होती. वय सोळा. दहावीनंतर सायन्स घ्यायचं नाही, यावरून घरात धुमसत होतं आणि ताईने तिला 'जरा मामाकडे जाऊन डोकं शांत कर' म्हणून पाठवलं होतं. मामाने डोकं शांत करण्याऐवजी तिला 'रेबेल विदाउट अ कॉज' दाखवला. मी सतरा वर्षांचा असताना या सिनेमाने मला जे केलं, ते तिलाही करेल असं वाटलं.

तिने तो फोनवर पाहिला. गादीवर पालथी पडून, एका कानात इअरफोन घालून. मधूनमधून पॉज करून मैत्रिणींना उत्तरं देत. मी आत-बाहेर करत तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. सिनेमा संपला. जेम्स डीन कसा वाटला असं मी विचारणार, तेवढ्यात तिनेच विचारलं, "मामा, शेवटी रडते ती बाई कोण रे?"

"कोणती बाई?"

"अरे ती काळी बाई. तो प्लेटो मरतो ना, तेव्हा फक्त तीच रडते. बाकीचे सगळे आपापल्या घरी चाललेत."

मी हा सिनेमा निदान सात-आठ वेळा पाहिला आहे. त्यावर मित्रांशी रात्र-रात्र बोललो आहे. आणि मला त्या बाईचं नाव सांगता आलं नाही. पात्राचंही नाही आणि नटीचंही नाही.

हा लेख त्या प्रश्नामुळे लिहितो आहे. सिनेमा आपण वरून खाली वाचतो. आधी स्टार, मग दिग्दर्शक, मग वेळ उरला तर बाकीचे. या वेळी मी नावं खालून वर वाचायची ठरवलं.

आधी गोष्ट

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जिम स्टार्क हा लॉस एंजेलिसमध्ये नव्याने आलेला मुलगा. आई-वडील सतत गावं बदलतात, कारण जिम प्रत्येक गावात काहीतरी भानगड करतो. सिनेमा सुरू होतो तेव्हा तो दारू पिऊन रस्त्यात आडवा पडलाय आणि झांजा वाजवणाऱ्या खेळण्यातल्या माकडावर कागदाचं पांघरूण घालतोय. पोलीस स्टेशनात आणखी दोघं आहेत. वडिलांचं प्रेम अचानक आटल्यामुळे बिथरलेली जूडी. आणि कुत्र्याच्या पिल्लांवर गोळ्या झाडलेला, एकटा, श्रीमंत घरातला प्लेटो. पुढे साधारण एका दिवसात चाकूची मारामारी होते, कड्याच्या टोकापर्यंत गाड्या पळवण्याची पैज लागते आणि त्यात बझ नावाचा मुलगा मरतो. जिम, जूडी आणि प्लेटो एका पडक्या बंगल्यात लपतात. थोडा वेळ तिघं मिळून एक घर-घर खेळतात. मग पहाटे ग्रिफिथ वेधशाळेच्या पायऱ्यांवर पोलीस प्लेटोला गोळी घालतात. त्याच्या हातात पिस्तूल असतं, पण त्यातल्या गोळ्या जिमने आधीच काढून घेतलेल्या असतात.

सिनेमा ऑक्टोबर १९५५च्या अखेरीस प्रदर्शित झाला. त्याच्या महिनाभर आधी, ३० सप्टेंबरला, जेम्स डीन स्वतःची पोर्शे चालवताना अपघातात गेला. वय २४. पडद्यावर गाड्यांच्या पैजेतून वाचलेला मुलगा खऱ्या आयुष्यात गाडीतच गेलेला, हे माहीत असलेल्या प्रेक्षकांनी तो सिनेमा पाहिला. त्या दिवसापासून हा सिनेमा जेम्स डीनचा झाला. लाल जॅकेट, पांढरा टी-शर्ट, जीन्स. आजही टी-शर्टांवर आणि कॅफेंच्या भिंतींवर हेच दिसतं. मीसुद्धा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी पुण्याच्या फॅशन स्ट्रीटवर तासभर घासाघीस करून एक लाल विंडचीटर घेतलं होतं. ते दोन धुण्यांत गुलाबी झालं.

शीर्षक एकाचं, गोष्ट दुसऱ्याची

सिनेमाचं नाव मुळात या गोष्टीचं नाहीच. रॉबर्ट लिंडनर या मानसशास्त्रज्ञाने १९४४ साली तुरुंगातल्या एका तरुण गुन्हेगारावर केलेल्या उपचारांवर पुस्तक लिहिलं होतं. वॉर्नर ब्रदर्सने त्याचे हक्क घेतले. काही वर्षांनी तरुण मार्लन ब्रँडोची त्यासाठी स्क्रीन टेस्टही झाली, पण सिनेमा झाला नाही. १९५४मध्ये दिग्दर्शक निकोलस रे स्वतःची एक सतरा पानांची कल्पना घेऊन स्टुडिओकडे गेला. स्टुडिओने ती घेतली आणि तिला पडून असलेलं जुनं शीर्षक चिकटवलं. पुस्तकातला बाकी मजकूर बाजूला राहिला.

रेच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती. बिघडलेली पोरं म्हणजे झोपडपट्टीतली पोरं, असं त्या काळचे सिनेमे धरून चालत. त्याला चांगल्या घरातली पोरं हवी होती. गाडी असलेली, स्वतंत्र खोली असलेली, दारासमोर हिरवळ असलेली. ही पोरं का पेटतात, हा त्याचा प्रश्न होता. आधी लिऑन उरिस, मग आयर्विंग शुलमन, मग स्टुअर्ट स्टर्न अशा तीन लेखकांच्या हातांतून पटकथा गेली. पटकथेचं श्रेय स्टर्नचं आहे. रे आणि स्टर्न दोघांनीही बालगुन्हेगारांच्या कोठडीत आणि कोर्टात जाऊन मुलांना जवळून पाहिलं.

स्टर्न दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला होता. मला हे महत्त्वाचं वाटतं. पटकथेत मुलांचं एकमेकांशी जे नातं आहे ते प्रेमकथेपेक्षा खंदकातल्या सोबतीसारखं आहे. कुणीतरी थंडीने कुडकुडतोय, म्हणून दुसरा त्याला जॅकेट देतो. या सिनेमात जॅकेट तीनदा देऊ केलं जातं. सुरुवातीला पोलीस स्टेशनात जिम कुडकुडणाऱ्या प्लेटोला कोट देऊ करतो आणि तो घेत नाही. वेधशाळेत जिम त्याला लाल जॅकेट देतो आणि तो घेतो. शेवटी जिमचे वडील स्वतःचा कोट मुलाच्या खांद्यावर घालतात. पटकथा चांगली असणं म्हणजे काय, हे शिकवायचं तर मी एवढंच दाखवेन.

पोरांनी बनवलेला सिनेमा

रे तेव्हा हॉलिवूडच्या शॅटो मार्माँ हॉटेलातल्या एका बंगल्यात राहत होता. तालमी तिथे व्हायच्या. पोरं यायची, जमिनीवर बसायची, प्रसंग करून बघायची. जिमच्या घरातल्या दिवाणखान्याचा सेट त्या बंगल्याच्या खोलीवरूनच बेतला गेला, कारण तालमीत सापडलेल्या हालचाली तिथल्या जिन्याला आणि सोफ्याला बांधलेल्या होत्या.

टोळीतल्या पोरांमध्ये क्रंच नावाचा एक आहे. ती भूमिका करणारा फ्रँक मॅझोला स्वतः हॉलिवूडमधल्या शाळकरी पोरांच्या अथेनियन्स नावाच्या टोळीतला होता. त्याला नट म्हणून घेतलं आणि सल्लागार म्हणूनही. टोळीतली पोरं कशी उभी राहतात, गाडी कशी चालवतात, भांडण सुरू होण्याआधीची शांतता कशी असते, हे त्याने मोठ्यांना शिकवलं. पुढे तो सिनेमाचा संकलक झाला. आज कुणी 'ऑथेंटिक' म्हणून या सिनेमाचं कौतुक करतं, तेव्हा त्यातला बराच वाटा या पोराचा असतो.

डीनबद्दल एवढं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात आवरतो. सुरुवातीचा माकडाचा प्रसंग त्याने ऐन वेळी उभा केला. पोलीस स्टेशनात टेबलावर मुठी आपटताना त्याच्या हाताला खरोखर लागलं. तो १७ वर्षांच्या मुलाचं काम करणारा २४ वर्षांचा माणूस होता आणि मला वाटतं त्याचा अभिनय त्यामुळेच चालतो. सतरा वर्षांच्या मुलाला आपल्याला काय होतंय ते कळत नसतं. डीनला ते कळत होतं, फक्त शब्द सापडत नव्हते, आणि म्हणून तो सगळं अंगाने बोलतो. दुधाची थंड बाटली गालावर फिरवतो. दारात उभं राहायच्या ऐवजी दाराला टेकतो, लोंबकळतो.

चित्रीकरण ब्लॅक अँड व्हाइटमध्ये सुरू झालं होतं. काही दिवसांतच स्टुडिओने रंगीत करायला सांगितलं. मार्च १९५५मध्ये डीनचा 'ईस्ट ऑफ ईडन' आला होता, आणि ज्याला सगळे छोटं पोर समजत होते तो अचानक स्टार झाला होता. आधी चित्रित केलेलं बाजूला गेलं आणि वेशभूषाकार मॉस मेब्रीच्या कपड्यांतून ते लाल जॅकेट आलं. म्हणजे बंडाचा जगप्रसिद्ध रंग स्टुडिओच्या एका व्यावसायिक निर्णयातून आला. यात मला काही वावगं वाटत नाही. संधी मिळाल्यावर तिचं काय केलं, हे महत्त्वाचं. छायालेखक अर्नेस्ट हॅलर 'गॉन विथ द विंड'सारखे सिनेमे केलेला जुना माणूस होता. पण जिम सोफ्यावर उलटा पडलाय, डोकं खाली लोंबतंय आणि आई जिन्यावरून येतेय, तेव्हा कॅमेरा उलटा असतो आणि जिम उठतो तसा गरकन फिरून सुलटा होतो. घर उलटं झालंय हे सांगायला एकही वाक्य लागत नाही. संगीतकार लिओनार्ड रोझेनमन हा तर डीनचा मित्र. डीन त्याच्याकडे पियानो शिकला होता. सिनेमाचं संगीत म्हणूनच बाहेरून लावल्यासारखं वाटत नाही. या मुलाला ओळखणाऱ्याने ते लिहिलंय.

एक अवघड परिच्छेद

आता ते, जे मी भाचीला सांगावं की नाही याचा दोन दिवस विचार केला, आणि मग सांगितलं.

जूडीचं काम करणारी नॅटली वूड चित्रीकरणाच्या वेळी १६ वर्षांची होती. 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट'मधली गोड मुलगी म्हणून सगळा देश तिला ओळखत होता आणि त्यामुळेच ही भूमिका तिला द्यायला रे तयार नव्हता. तिने ती हट्टाने मिळवली. आणि त्याच काळात ४३ वर्षांच्या रेचे तिच्याशी शरीरसंबंध होते, हे दोघांच्याही चरित्रांमध्ये नोंदवलेलं आहे.

सिनेमात जूडीचे वडील मुलगी मोठी होतेय म्हणून घाबरतात. ती गालाचा पापा घ्यायला जाते तर तिला थोबाडीत मारतात. मोठ्या माणसांना मुलीच्या वयात येण्याशी नीट वागता येत नाही, हे तो प्रसंग इतकं अचूक सांगतो की अंगावर काटा येतो. तो प्रसंग दिग्दर्शित करणारा माणूस सेटबाहेर स्वतः काय करत होता, हे कळल्यावर काटा वेगळ्या कारणाने येतो.

'कलाकृती आणि कलावंत वेगळे' असं म्हणून मी इथून निसटू शकतो. पण मला ते पटत नाही, निदान या सिनेमाबाबत तरी नाही. हा सिनेमा मोठ्यांवर आरोपपत्र ठेवतो. तुम्ही आमच्याकडे पाहत नाही, पाहिलं तर स्वतःच्या सोयीने पाहता, असं तो म्हणतो. हे आरोपपत्र लिहिणाऱ्यांपैकी एक जण आरोपींच्या यादीतही आहे. त्यामुळे आरोप खोटा ठरत नाही. उलट, रेला हे सगळं इतकं नेमकं का माहीत होतं याचं एक नकोसं उत्तर मिळतं. नॅटलीचं कौतुक मात्र वाढतं. प्रेमाबद्दल जूडी बोलते त्या पडक्या बंगल्यातल्या प्रसंगात ती सिनेमातली सगळ्यात मोठी व्यक्ती वाटते. त्या खोलीतही आणि त्या सेटवरही.

प्लेटो

साल मिनिओही १६ वर्षांचाच होता. ब्रॉंक्समधला, सिसिलीहून आलेल्या स्थलांतरिताचा मुलगा. वडील शवपेट्या बनवायचे. त्याच्या वाट्याला प्लेटो आला.

प्लेटोच्या शाळेतल्या लॉकरच्या दारावर आतून एका देखण्या नटाचा, अ‍ॅलन लॅडचा, फोटो लावलेला आहे. १९५५ साली एका मुलाच्या लॉकरमध्ये दुसऱ्या पुरुषाचा फोटो. तो जिमकडे कसा बघतो ते एकदा नीट बघा. सेन्सॉरचं काम पाहणाऱ्या प्रॉडक्शन कोड ऑफिसने चित्रीकरणाआधीच पत्र पाठवून बजावलं होतं की प्लेटो आणि जिम यांच्यात काही वेगळं नातं असल्याचा संशयही येता कामा नये. शब्दांत तो येत नाहीच. रे आणि मिनिओने तो डोळ्यांत ठेवला. डोळे कापायची कात्री सेन्सॉरकडे नव्हती. मिनिओने पुढे उघडपणे म्हटलं की पडद्यावरचा पहिला समलैंगिक किशोर आपण केला.

त्याला आणि नॅटलीला या कामासाठी ऑस्करची नामांकनं मिळाली, रेला कथेसाठी मिळालं. पुरस्कार कुणालाच मिळाला नाही.

सतराव्या वर्षी मी प्लेटोकडे लक्षच दिलं नव्हतं. तो मला चिकटू वाटायचा. जिमच्या मागेमागे करणारा, रडका. आता वाटतं, या सिनेमातला खरा बंडखोर तोच. जिमचं बंड म्हणजे वडिलांनी ताठ उभं राहावं ही मागणी आहे. वडील एप्रन घालून जमिनीवर सांडलेलं जेवण पुसतात, याची त्याला लाज वाटते. (वडिलांचं काम जिम बॅकसने केलंय. मिस्टर मगू या कार्टूनचा आवाज म्हणून तो घराघरात माहीत होता. म्हणजे त्या काळच्या प्रेक्षकाला हा बाप दिसायच्या आधीच विनोदी होता.) आणि खरं सांगायचं तर हा सिनेमाचा सगळ्यात जुनाट भाग आहे. घर बिघडलं, कारण बायको वरचढ आणि नवरा मऊ. त्यामुळे जिमला हवं ते घर जुन्या पद्धतीचंच आहे, फक्त नीट चालणारं. जूडीलाही तेच हवं. प्लेटोला मात्र अशा घरात जागाच नाही. वडील निघून गेलेले, आई कायम प्रवासात. घरात त्याच्या नावाने एक चेक येतो, मुलाच्या खर्चापोटी. पत्र नाही, नुसता चेक. म्हणून तो पडक्या बंगल्यात जिमला बाप आणि जूडीला आई करून नवीनच घर मांडतो. अशा घराला त्या काळात नाव नव्हतं.

आणि मरतो तो.

तो शेवट

शेवट मला पूर्वी भव्य वाटायचा. आता तो मला सिनेमातली सगळ्यात अप्रामाणिक पाच मिनिटं वाटतात.

प्लेटो कोसळतो. अंगावर जिमचं लाल जॅकेट असतं, त्यामुळे जिमच्या आई-वडिलांना क्षणभर वाटतं की आपलाच मुलगा गेला. मग जिम जिवंत दिसतो. आणि त्या सुटकेतून समेट होतो. वडील म्हणतात, उठ, मी आहे तुझ्यासोबत. जिम जूडीची ओळख करून देतो. आई काहीतरी बोलायला जाते आणि गप्प राहते, दोघं नवरा-बायको एकमेकांकडे बघून हसतात. हसतात! तिथेच, काही पावलांवर, एक पोर मरून पडलंय. दुसऱ्याचं पोर मेल्यावर आपलं घर सुधारलं, असा या शेवटाचा सरळ हिशोब आहे. जिमचं दुःख खरं आहे. तो मेलेल्या प्लेटोच्या जॅकेटची चेन वर ओढतो, कारण याला नेहमी थंडी वाजायची. डीन ते इतकं हळू करतो की आजही माझा घसा दाटतो. पण सिनेमा त्या हातावर थांबत नाही. तो सगळ्यांना गाड्यांत बसवून घरी पाठवतो.

प्लेटोसोबत जायला एकच व्यक्ती उरते. ती बाई.

मॅरिएटा कँटी

सिनेमाच्या नोंदींमध्ये तिच्या पात्राचा उल्लेख 'क्रॉफर्ड कुटुंबाची मोलकरीण' असा आहे. काम करणारी नटी मॅरिएटा कँटी. कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डची. रंगभूमीवर काम केलेली. हॉलिवूडने तिला बहुतेक वेळा एकच काम दिलं, गोऱ्यांच्या घरातली मोलकरीण. 'फादर ऑफ द ब्राइड'मध्येही तीच आहे, त्या घरातही स्वयंपाकघराच्याच बाजूला.

'रेबेल'मध्ये तिला मोजून काही मिनिटं आहेत. पोलीस स्टेशनात ती प्लेटोच्या शेजारी बसून त्याची बाजू मांडते. आई-बापाने यायला हवं होतं, आली ती. उशीखालचं पिस्तूल घेऊन प्लेटो पळतो तेव्हा ती त्याला धरायला धावते. आणि शेवटी त्याच्या देहापाशी रडते, या लेकराला कुणीच नव्हतं असं म्हणते.

आता हे वाक्य नीट ऐका. त्याला कुणीच नव्हतं असं ती म्हणते, आणि ती स्वतः तिथे आहे. रोज होती. त्याला जेवायला घालत होती, त्याच्या मागे धावत होती. पण पटकथेने तिला तिच्याच तोंडून पुसून टाकलं. पगार घेऊन केलेली माया सिनेमाच्या हिशोबात धरलीच जात नाही. तरी कँटीने ते वाक्य असं म्हटलंय की ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप येतं, 'अगं, तू होतीस ना'. निदान माझ्या भाचीच्या मनात आलं. नट पटकथेच्या पुढे जातो तो असा.

हा कँटीचा शेवटचा सिनेमा. आजारी वडिलांची काळजी घ्यायला ती हार्टफर्डला परतली आणि पुढची वर्षं तिने तिथे समाजकार्यात घालवली. तिचं घर आज अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत आहे. ती १९८६पर्यंत जगली. या सिनेमाभोवती शापाची एक दंतकथा फिरते. डीन २४व्या वर्षी अपघातात, मिनिओचा ३७व्या वर्षी १९७६ साली खून, नॅटली ४३व्या वर्षी १९८१ साली पाण्यात बुडून. रील्सवर ही यादी तुम्ही पाहिली असेल, मागे गंभीर संगीत लावून. कँटी त्या यादीत बसत नाही, कारण ती घरी गेली, म्हाताऱ्या बापाची सेवा केली, गावासाठी राबली. असं आयुष्य रीलमध्ये मावत नाही.

माझा हिशोब

भाचीच्या प्रश्नाने मला टोचलं, त्याला एक कारण आहे.

दुसऱ्या वर्षी माझे विषय राहिले आणि मी बाबांशी कडाक्याचं भांडून घरातून निघून गेलो होतो. दोन रात्री मित्राच्या खोलीवर काढल्या. ही गोष्ट मी पुढे शंभरदा सांगितली आहे. पार्ट्यांमध्ये, एकदा तर नोकरीच्या मुलाखतीतही. तिच्यात मी आहे, बाबा आहेत, तिसऱ्या दिवशी खोलीच्या दारात उभे राहिलेले बाबा आहेत. मस्त गोष्ट आहे. ऐकणारे गप्प होतात.

त्या गोष्टीत आमच्याकडे धुणं-भांडी करायला येणाऱ्या मावशी कधीच नव्हत्या. मी परत आलो तेव्हा आई रागाने बोलत नव्हती. मावशी मात्र भांडी तशीच टाकून उठल्या, ओल्या हातांनी माझं तोंड कुरवाळलं आणि रडल्या. मला तेव्हा अवघडल्यासारखं झालं होतं. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. तो दहावीनंतर गॅरेजवर लागला होता. त्याला शिकायचं होतं की नव्हतं, तो कधी चिडून घरातून निघून गेला का, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. माझ्या घरात बंड करायची मुभा मला होती, कारण दार उघडं राहणार याची खात्री होती. निकोलस रेला हव्या असलेल्या 'चांगल्या घरातल्या' पोरांची खरी चैन ही. गाडी नव्हे, परत यायची सोय.

म्हणूनच मला नागराज मंजुळेचा 'फॅन्ड्री' आठवतो. अभिनयाचा काही अनुभव नसलेल्या सोमनाथ अवघडेने केलेला जब्या शेवटी दगड उचलतो आणि तो थेट आपल्याकडे, कॅमेऱ्याकडे, भिरकावतो. तिथे वडिलांचा कोट खांद्यावर येत नाही, कुणी कुणाकडे बघून हसत नाही. जब्याच्या बंडाला कारण इतकं ढळढळीत आहे की शीर्षकात ते नाकारायची चैन त्या सिनेमाला परवडणारी नाही. दोन सिनेमांत कोण श्रेष्ठ हा माझा मुद्दा नाही. पण 'फॅन्ड्री' पाहिलेल्या डोळ्यांनी 'रेबेल'कडे परत गेलं की नजर जिमवरून सरकते. आधी प्लेटोवर जाते आणि मग त्याच्यामागे उभ्या असलेल्या बाईवर.

मग हा सिनेमा पाहू नये का? जरूर पाहा. मुलांचं एकटेपण एवढ्या आदराने फार थोड्या सिनेमांनी पाहिलंय. टोळीतल्या एका पोराकडून शिकण्याची तयारी, एका सोळा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांवर ठेवलेला विश्वास, उलटा होणारा कॅमेरा, हे सगळं आजही जिवंत आहे. फक्त तो जेम्स डीनचा सिनेमा म्हणून पाहू नका. त्या पायऱ्यांवर कोण कोण उभं होतं ते मोजा. अगदी शेवटच्या दृश्यात पहाटे एक माणूस वेधशाळेकडे चालत जाताना दिसतो. तो खुद्द निकोलस रे आहे. सगळे निघून गेल्यावर दिग्दर्शकाने स्वतःसाठी जागा ठेवली. कँटीसाठी अ‍ॅम्ब्युलन्समधली.

भाची परत गेली. तिने आर्ट्स घेतलं, ताई अजून धुसफुसते आहे. निघायच्या दिवशी मी तिला म्हटलं, "तुझ्या त्या बाईचं नाव सापडलं. मॅरिएटा कँटी."

"बरं," ती म्हणाली. मग बॅग उचलता उचलता विचारलं, "आणि तुमच्या त्या मावशींचं?"

मला ते माहीत होतं, एवढंच माझं नशीब. पण पूर्ण नाव, आडनावासकट, आठवायला मला आईला फोन करावा लागला.